हरत हरत अडवलेली पाइपलाइन : कीस्टोन एक्सएलचं प्रकरण

जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका कायद्याचा निकाल लागला. तेलाच्या पाइपलाइनचा मार्ग मंजूर करण्याचा अधिकार थेट राज्यपालांच्या हाती देणारा तो कायदा. सात न्यायाधीशांपैकी चौघांनी तो घटनाबाह्य आहे असं स्पष्ट लिहिलं. उरलेल्या तिघांचं म्हणणं असं, की दावा लावणाऱ्या शेतकऱ्यांना तो लावण्याचा अधिकारच पोचत नाही. त्यामुळे मूळ प्रश्नावर त्यांनी मत दिलंच नाही. कायदा घटनेला धरून आहे असं एकाही न्यायाधीशाने म्हटलं नव्हतं. तरीही कायदा टिकला, कारण नेब्रास्काच्या घटनेप्रमाणे एखादा कायदा रद्द करायला सातपैकी पाच मतं लागतात.

शेतकरी तो खटला हरले. त्याआधीही ते बरंच काही हरले होते आणि पुढेही हरणार होते. पण ज्या पाइपलाइनसाठी हा सगळा खटाटोप चालला होता, ती कीस्टोन एक्सएल काही झाली नाही. जून २०२१ मध्ये कंपनीने प्रकल्प गुंडाळला. हवामान चळवळीचं मोठं यश म्हणून या प्रकरणाचा उल्लेख नेहमी होतो आणि तो करताना बहुतेक जण व्हाइट हाउससमोरच्या अटकसत्राबद्दल बोलतात. ते अटकसत्र महत्त्वाचं होतंच. पण कागदपत्रं आणि तारखा एकापुढे एक मांडून पाहिल्या की माझं मत वेगळं पडतं. ही पाइपलाइन अडली ती वॉशिंग्टनपासून हजार मैलांहून लांब, ज्यांनी आपल्या शेताच्या कागदावर सही केली नाही त्यांच्यामुळे.

कंपनीला काय हवं होतं

ट्रान्सकॅनडा ही कॅनडातल्या कॅलगरीची कंपनी. २०१९ पासून तिचं नाव टीसी एनर्जी. सप्टेंबर २००८ मध्ये तिने अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे अर्ज केला. अल्बर्टा प्रांतातल्या डांबरी वाळूतून निघणारं जड तेल मोंटाना, साउथ डकोटा आणि नेब्रास्का या राज्यांतून दक्षिणेला आणायचं आणि पुढे टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या रिफायनऱ्यांना पोचवायचं, असा बेत होता. पाइपचा व्यास ३६ इंच, क्षमता रोज ८ लाख ३० हजार बॅरल. पुढे दक्षिणेकडचा तुकडा वेगळा काढल्यावर वादात राहिलेला भाग अल्बर्टातल्या हार्डिस्टीपासून नेब्रास्कातल्या स्टील सिटीपर्यंतचा, १,१७९ मैलांचा, म्हणजे जवळपास १,९०० किलोमीटरचा होता.

डांबरी वाळूतलं तेल विहिरीतून उसळून वर येत नाही. एक तर ते खाणीसारखं खणून काढावं लागतं, नाहीतर जमिनीत वाफ सोडून पातळ करावं लागतं. पाइपमधून वाहावं म्हणून त्यात आणखी हलकी रसायनं मिसळावी लागतात. या सगळ्यात बरीच ऊर्जा जळते. खाणीपासून गाडीच्या धुरापर्यंतचा हिशेब केला, तर अमेरिकेत शुद्ध होणाऱ्या सरासरी कच्च्या तेलापेक्षा या तेलातून हरितगृह वायू सुमारे १७ टक्के जास्त बाहेर पडतात, हा परराष्ट्र खात्याचाच अंदाज आहे. १९८८ मध्ये अमेरिकी सिनेटसमोर तापमानवाढीबद्दल साक्ष देणारे नासाचे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन २०११ मध्ये बजावत होते, की हे साठे उपसायला घेतले तर हवामान सावरण्याची आशाच उरणार नाही.

पाइपलाइन देशाची सीमा ओलांडत असल्यामुळे तिला राष्ट्राध्यक्षांचा परवाना लागत होता आणि ती राष्ट्रहिताची आहे की नाही, हे परराष्ट्र खात्याने ठरवायचं होतं. या एका तांत्रिक अटीने चळवळीला धरायला जागा मिळाली. २०१० मध्ये हवामानाचं मोठं विधेयक सिनेटमध्ये बारगळलं, तेव्हा जाब कुणाला विचारायचा हेच कळत नव्हतं. शंभर सिनेटरांची शंभर कारणं होती. इथे सही एकट्या बराक ओबामांची होती.

तेल कंपनीचं वजन नेमकं कुठे होतं

तेल उद्योगाचा सरकारवरचा प्रभाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नोटांची बंडलं येतात. या प्रकरणात तसं काही सापडलं नाही, आणि म्हणूनच ते नीट अभ्यासावं असं मला वाटतं. इथलं वजन कामकाजाच्या पद्धतीतच मुरलेलं होतं.

पर्यावरण अहवालाचंच पाहा. परराष्ट्र खात्याकडे पाइपलाइन तपासणारी माणसं नव्हती, म्हणून हे काम खासगी सल्लागार कंपनीला दिलं जायचं. प्रचलित पद्धत अशी, की अर्जदाराने सल्लागारांकडून प्रस्ताव मागवायचे, खात्याने त्यांतून निवड करायची आणि बिल अर्जदाराने भरायचं. परीक्षकाची फी परीक्षेला बसणाऱ्याने भरावी, तशातला हा प्रकार. पहिला अहवाल कार्डनो एन्ट्रिक्स या कंपनीने केला. ती आपल्या प्रचारसाहित्यात ट्रान्सकॅनडाला मोठं गिऱ्हाईक म्हणून मिरवत होती, हे २०११ मध्ये वर्तमानपत्रांतून उघड झालं. दुसऱ्या फेरीत ईआरएम नावाची कंपनी आली. तिच्या काही तज्ज्ञांनी पूर्वी ट्रान्सकॅनडाशी संबंधित प्रकल्पांवर काम केलेलं होतं आणि जाहीर केलेल्या कागदपत्रांत त्यांच्या कारकिर्दीचा तो भाग काळा करून झाकलेला होता. दोन्ही वेळा खात्याच्या महानिरीक्षकांनी चौकशी केली आणि दोन्ही वेळा निष्कर्ष आला तो असा, की नियमभंग झालेला नाही, पद्धत सुधारायला वाव आहे.

मला हा निष्कर्ष भ्रष्टाचाराच्या पुराव्यापेक्षा गंभीर वाटतो. नियम मोडला असता तर एखाद्याला घरी पाठवता आलं असतं. इथे नियम पाळूनच हे सगळं झालं होतं.

मग लॉबिस्ट, म्हणजे कंपनीच्या वतीने सरकारदरबारी वजन वापरणारी माणसं. ट्रान्सकॅनडाचे वॉशिंग्टनमधले लॉबिस्ट पॉल एलियट हे २००८ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या निवडणूक मोहिमेचे उपसंचालक होते, आणि आता क्लिंटन परराष्ट्रमंत्री होत्या, म्हणजे अर्ज त्यांच्याच खात्याकडे होता. ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ या संस्थेने माहितीच्या कायद्याखाली ईमेल मिळवले. एका सिनेटरचा पाठिंबा मिळाल्याची बातमी एलियट यांनी कळवल्यावर ओटावातल्या अमेरिकी दूतावासातून त्यांना शाबासकी गेली होती. अधिकाऱ्याने अर्जदाराच्या बाजूने आनंद मानायचा, इतकी ती जवळीक सवयीची झाली होती. ऑक्टोबर २०१० मध्ये, अहवाल पुरा व्हायच्या आधीच, आपला कल मंजुरीकडे आहे असं क्लिंटन यांनी सान फ्रान्सिस्कोत जाहीरपणे सांगून टाकलं.

तिसरी गोष्ट सहज नजरेतून सुटते. जानेवारी २०१४ च्या अंतिम अहवालाचं गृहीतक असं होतं, की ही पाइपलाइन झाली किंवा नाही झाली, तरी अल्बर्टातला उपसा फारसा बदलणार नाही; तेल रेल्वेने जाईल, दुसऱ्या वाटेने जाईल, पण जाईलच. एकदा हे मान्य केलं की पाइपलाइनचा हवामानावरचा परिणाम जवळजवळ शून्य निघतो. कंपनीला आकडे बदलायची गरजच उरत नाही. प्रश्न कसा मांडायचा हे ज्याच्या हातात, उत्तरही त्याच्याच हातात.

रोजगाराचंही तसंच. कंपनी वीस हजार नोकऱ्यांची भाषा करत होती आणि संसदेत तेच आकडे घुमत होते. परराष्ट्र खात्याच्या अहवालात बांधकामाच्या थेट नोकऱ्या वर्षाच्या हिशेबाने ३,९०० निघाल्या, आणि पाइपलाइन सुरू झाल्यावर ती चालवायला लागणारी माणसं ५०. त्यांतली ३५ कायमची, १५ कंत्राटी. हा आकडा अहवालात होता, सगळ्यांना वाचायला उपलब्ध होता. तो जाहिरातीत यायचं कारण नव्हतं.

वॉशिंग्टन

२० ऑगस्ट ते ३ सप्टेंबर २०११ या दोन आठवड्यांत व्हाइट हाउससमोर बसून १,२५३ जणांनी अटक करवून घेतली. पर्यावरणावर लिहिणारे बिल मॅककिबन आणि त्यांची ‘३५०’ ही हवामान संघटना पुढे होती; हॅन्सनही पकडले गेले. पहिल्या दिवशीच्या लोकांना पोलिसांनी शनिवार-रविवार कोठडीत ठेवलं, म्हणजे बाकीचे घाबरतील. लोक येतच राहिले. आंदोलकांना नीटनेटके, कामाच्या बैठकीला जावं तसे कपडे घालून यायला सांगितलं होतं, आणि अनेकांच्या छातीवर २००८ च्या ओबामा प्रचाराचे बिल्ले होते. तुम्हाला निवडून दिलं ते आम्हीच, हे त्यातून न बोलता सांगितलं जात होतं. ६ नोव्हेंबरला, पुढच्या निवडणुकीला बरोबर एक वर्ष असताना, हजारो लोकांनी हात धरून व्हाइट हाउसला वेढा घातला. चार दिवसांत परराष्ट्र खात्याने निर्णय २०१३ पर्यंत पुढे ढकलला. नेब्रास्कात मार्ग बदलायला हवा, हे कारण दिलं.

यावर रिपब्लिकन संसदसदस्यांनी पगारावरच्या कर-सवलतीच्या विधेयकात साठ दिवसांत निर्णय घ्या अशी अट घुसवली. ओबामांनी जानेवारी २०१२ मध्ये, एवढ्या वेळात तपासणी होऊ शकत नाही म्हणून अर्ज फेटाळला. कंपनीने मे महिन्यात नवा अर्ज केला.

इथे एक पराभव सांगायलाच हवा, कारण यशाच्या कहाण्यांतून तो गाळला जातो. मार्च २०१२ मध्ये ओबामा ओक्लाहोमातल्या कुशिंगला गेले आणि रचून ठेवलेल्या पाइपांसमोर उभं राहून त्यांनी दक्षिणेकडच्या टप्प्याला पाठिंबा दिला. तो टप्पा सीमा ओलांडत नव्हता, त्यामुळे राष्ट्राध्यक्षांची सही लागतच नव्हती. टेक्सासमध्ये कार्यकर्ते झाडांवर मचाणं बांधून राहिले, यंत्रांना स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं, एका शेतकरी बाईंनी कोर्टात झुंज दिली. जानेवारी २०१४ मध्ये त्या पाइपमधून तेल वाहू लागलं. तिथे धैर्य कमी नव्हतं. पण टेक्सासमध्ये कंपनीला थांबवणारी एकही कायदेशीर पायरी नव्हती आणि नेब्रास्कासारखी एकत्र बांधलेली शेतकऱ्यांची फळी उभी राहायला वेळ मिळाला नव्हता.

नेब्रास्का

नेब्रास्का हे पक्कं रिपब्लिकन राज्य. मका, सोयाबीन, गुरं. हवामानबदल हा शब्द काढला तर तिथल्या कित्येक घरांत संवाद तिथेच संपला असता. जेन क्लीब यांनी २०१० मध्ये ‘बोल्ड नेब्रास्का’ ही संघटना सुरू केली आणि बोलायला सुरुवात केली ती पाण्यापासून आणि जमिनीच्या मालकीपासून.

पाण्याचं महत्त्व तिथे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. आठ राज्यांच्या पोटात पसरलेला ओगलाला नावाचा भूजलसाठा आहे. अमेरिकेत सिंचनासाठी जेवढं भूजल उपसलं जातं त्यातलं जवळपास ३० टक्के त्यातून येतं. कंपनीचा पहिला मार्ग सँडहिल्समधून जात होता. गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्यांचा हा प्रदेश. खाली पाणी इतकं वर, की टेकड्यांमधल्या खोलगट जागी ते तळी होऊन बाहेर दिसतं. जुलै २०१० मध्ये मिशिगनमध्ये एनब्रिज कंपनीची पाइपलाइन फुटली होती. नियंत्रण कक्षात धोक्याच्या सूचना येत असूनही सतरा तास गळती थांबली नाही, आणि ते तेल पाण्यावर तरंगण्याऐवजी कालामाझू नदीच्या तळाशी बसलं. साफसफाईला अब्ज डॉलरच्या वर खर्च आला. नेब्रास्कातल्या शेतकऱ्याने ही बातमी वाचून आपल्या बोअरकडे पाहिलं असेल, तर त्यात नवल नाही.

आणि मग कंपनीची पत्रं. आपल्याकडे भूसंपादन म्हटलं की सरकारी नोटीस येते. तिथे अनेक राज्यांत पाइपलाइन कंपनीला स्वतःच कोर्टात जाऊन शेतातून मार्ग सक्तीने मिळवता येतो. त्याआधी कंपनीचा माणूस करार घेऊन दारात येतो. एकदाच ठरावीक रक्कम, आणि बदल्यात जमिनीच्या त्या पट्ट्यावर कंपनीला कायमचा हक्क. शेत तुमच्याच नावावर, कर तुम्हीच भरायचा, खाली पाइप त्यांचा. २०१० मध्ये, परवान्याचा अजून पत्ता नसताना, शेतकऱ्यांना पत्रं गेली: ही शेवटची रक्कम, महिन्याभरात सही करा, नाहीतर सक्तीने घेऊ. रँडी थॉम्पसन हे गुरांचे व्यापारी. त्यांच्या आईवडिलांच्या शेताला असंच पत्र आलं. आयुष्यभर रिपब्लिकनांना मत देणारा हा उंचापुरा, टोपी घातलेला माणूस पुढे सगळ्या लढ्याचा चेहरा झाला. आरंभी ज्या खटल्याबद्दल लिहिलं तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

शेतकऱ्यांनी जे केलं ते दिसायला साधं होतं. एकट्याने कंपनीच्या माणसाशी बोलायचं नाही, असं ठरवलं. एकत्र येऊन वकील केले, सगळ्यांच्या वतीने एकच उत्तर जायचं. बहुतेक जमीनमालकांनी शेवटी सह्या केल्या, हे खरं आहे. त्यांना दोष देण्याचं मला काही कारण दिसत नाही, कारण सक्तीची टांगती तलवार डोक्यावर असताना मिळतील ते पैसे घेणं हा शहाणपणाच असतो. जानेवारी २०१५ मध्ये कंपनी सक्तीच्या संपादनासाठी कोर्टात गेली तेव्हा नव्वदच्या आसपास जमीनमालक उरले होते. पण पाइपलाइनला मधले तुकडे सोडून जाता येत नाही.

या काळातलं एक दृश्य मला पुन्हा पुन्हा आठवतं, कारण राज्याचं मन कुठे वळतंय ते त्यात दिसतं. लिंकनमधल्या मेमोरियल स्टेडियममध्ये विद्यापीठाच्या संघाचा फुटबॉल सामना म्हणजे राज्याचा सणच असतो. संघाच्या भक्कम आघाडीच्या फळीला जुन्या काळापासून ‘पाइपलाइन’ म्हणतात. ट्रान्सकॅनडाने त्याच नावाचा आधार घेऊन २०११ च्या हंगामात मोठ्या पडद्यावर जाहिरात लावली. सप्टेंबरमधल्या सामन्यात ती लागली आणि प्रेक्षकांनी हुर्यो केली. क्रीडा संचालक टॉम ऑस्बोर्न, म्हणजे पंचवीस वर्षं संघाचे प्रशिक्षक असलेले आणि रिपब्लिकन पक्षातर्फे संसदेत गेलेले राज्याचे लाडके गृहस्थ, यांनी तो जाहिरातीचा करार बंद केला. जो मजकूर वॉशिंग्टनमध्ये खपत होता, तो या मैदानात खपला नाही.

राज्यपाल डेव्ह हाइनमन यांनीही २०११ मध्ये सँडहिल्समधून जाणाऱ्या मार्गाला विरोध केला होता. पुढच्या वर्षी विधिमंडळाने एक कायदा केला: पाइपलाइन कंपनीने हवं तर राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाला वळसा घालून थेट राज्यपालांकडून मंजुरी घ्यावी. जानेवारी २०१३ मध्ये हाइनमन यांनी किंचित सरकवलेला नवा मार्ग मंजूर केला. शेतकऱ्यांनी याच कायद्याला आव्हान दिलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी तो रद्द केला. अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं. आणि नेब्रास्कातला मार्गच पक्का नाही म्हणून परराष्ट्र खात्याने आपला निर्णय पुन्हा थांबवला. खटला हरेपर्यंत जवळजवळ एक वर्ष पदरात पडलं होतं.

त्या वर्षात काय झालं? २०१४ च्या मध्याला शंभर डॉलरच्या वर असलेला कच्च्या तेलाचा भाव वर्षाअखेर निम्म्यावर आला. फेब्रुवारी २०१५ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने परराष्ट्र खात्याला लिहिलं, की भाव एवढे उतरल्यावर ‘तेल कसंही निघेलच’ हे गृहीतक पुन्हा तपासा. रेल्वेचा जादा खर्च आता परवडणारा नाही, तेव्हा पाइपलाइन झाली तर उपसा वाढू शकतो. अहवालाचा कणाच त्यामुळे ढिला झाला. शेतकऱ्यांनी तेलाचे भाव पाडले नाहीत, हे उघड आहे. पण भाव पडले त्या दिवशी पाइपलाइन अजून कागदावर होती, ती त्यांच्यामुळे.

आदिवासी समाजांशी जुळलेलं नातं हा या लढ्याचा सर्वांत वेगळा भाग. एप्रिल २०१४ मध्ये ‘काउबॉय इंडियन आघाडी’ने वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर तंबू ठोकले, यँक्टन सू जमातीच्या फेथ स्पॉटेड ईगल आणि नेब्रास्काचे गुराखी शेतकरी एकाच व्यासपीठावर होते. त्याच वसंतात नीली गावाजवळ, पाइपलाइनच्या मार्गात येणाऱ्या एका शेतकरी दांपत्याच्या शेतात पोन्का जमातीच्या लोकांनी त्यांच्या परंपरागत लाल मक्याचं बी पेरलं. १८७७ मध्ये सरकारने पोन्कांना याच वाटेने हाकलून आताच्या ओक्लाहोमात नेलं होतं. त्यानंतर १३७ वर्षांनी त्यांचा मका त्या मातीत उगवला. २०१८ मध्ये त्या दांपत्याने जमिनीचा तो तुकडा रीतसर खरेदीखत करून पोन्कांच्या नावावर केला. त्यात डावपेच होता, कारण मार्गात आता एका आदिवासी राष्ट्राची मालकी आली. पण ज्यांची जमीन सक्तीने जायची वेळ आली, त्यांनी ज्यांची आधीच गेली होती त्यांना ती परत द्यावी, यात डावपेचाच्या पलीकडचंही काही होतं.

सह्या फिरत राहिल्या

पुढचा घटनाक्रम वेगाने सांगता येईल. फेब्रुवारी २०१५ मध्ये संसदेने पाइपलाइन मंजूर करणारं विधेयक पाठवलं, ओबामांनी नकाराधिकार वापरला. ६ नोव्हेंबर २०१५ रोजी, पॅरिस हवामान परिषदेच्या तोंडावर, त्यांनी अर्ज फेटाळला. कंपनीने नाफ्टा या उत्तर अमेरिकेतल्या मुक्त व्यापार कराराखाली १५ अब्ज डॉलरची भरपाई मागितली. जानेवारी २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी पहिल्याच आठवड्यात प्रकल्प पुन्हा मागवला आणि मार्चमध्ये परवाना दिला.

आता वॉशिंग्टनचा अडसर संपला होता. उरलं होतं नेब्रास्का. राज्यपालांच्या मंजुरीचा कायदा टिकला असला, तरी त्यावर आणखी दावे पडले तेव्हा कंपनीने ती वाट सोडून आयोगाकडे अर्ज करायचं ठरवलं होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये आयोगाचा निर्णय यायच्या चार दिवस आधी कंपनीच्या आधीपासून चालू असलेल्या जुन्या कीस्टोन पाइपलाइनमधून साउथ डकोटात मोठी गळती झाली. आयोगाला मात्र तिचा विचार करताच येत नव्हता. गळतीचा धोका हा संघराज्याचा विषय, राज्याने त्यात पडायचं नाही, असं कायद्यातच लिहिलेलं होतं. तीन विरुद्ध दोन मतांनी आयोगाने मंजुरी दिली, पण कंपनीने मागितलेला मार्ग नाकारून दुसरा दिला. त्या मार्गावर नवे शेतकरी होते. त्यांच्याशी पहिल्यापासून बोलणी करायची होती. विरोधी मत देणाऱ्या आयुक्त क्रिस्टल रोड्स यांनी बोट ठेवलं ते यावरच, की या जमीनमालकांना आपलं शेत मार्गात आहे याची धड कल्पनाही नव्हती.

नोव्हेंबर २०१८ मध्ये मोंटानातले संघीय न्यायाधीश ब्रायन मॉरिस यांनी काम थांबवलं. २०१५ मध्ये याच खात्याने हवामानाच्या कारणाने नकार दिला होता. आता तीच वस्तुस्थिती कारण न देता बाजूला सारता येणार नाही, असं त्यांनी लिहिलं. ओबामांचा जुना नकार असा कामी आला. मार्च २०१९ मध्ये ट्रम्प यांनी खात्याला वगळून स्वतःच्या सहीने नवा परवाना काढला. ऑगस्टमध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा निर्णय कायम केला आणि शेतकरी पुन्हा हरले. २०२० मध्ये अल्बर्टा सरकारने प्रकल्पात दीड अब्ज कॅनेडियन डॉलर ओतले, सीमेवरचा सव्वा मैलाचा तुकडा बांधला गेला. त्या जुलैमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नद्या-ओढे ओलांडण्याच्या परवान्याची वाट कीस्टोन एक्सएलला बंदच ठेवली. २० जानेवारी २०२१ रोजी जो बायडेन यांनी परवाना रद्द केला तेव्हा नेब्रास्कातल्या संपादनाचे दावे अजून कोर्टात होते.

नऊ वर्षांत वॉशिंग्टनमधला निर्णय नकार, नकार, होकार, होकार, नकार असा फिरला. ज्यांनी २०१० मध्ये सही नाकारली होती त्यांच्यातल्या अनेकांनी ती शेवटपर्यंत केली नाही. बायडेन यांच्या हाती रद्द करायला परवाना उरला होता, तयार पाइपलाइन नव्हे. हा फरक मला या प्रकरणातला सर्वांत मोठा धडा वाटतो.

तेलाचं काय झालं

चळवळीला मानणाऱ्याने इथे अडखळायला हवं. अल्बर्टातलं तेल जमिनीत राहिलं नाही. एनब्रिजची नवी लाइन ३ मिनेसोटातून २०२१ मध्येच सुरू झाली, तिथल्या आदिवासींच्या कडव्या विरोधाला न जुमानता. ट्रान्स माउंटन पाइपलाइन खासगी कंपनीला झेपेना, तेव्हा कॅनडा सरकारने २०१८ मध्ये ती साडेचार अब्ज कॅनेडियन डॉलरला विकत घेतली. सरकारी पैशातून वाढवलेली ती पाइपलाइन मे २०२४ पासून रोज ८ लाख ९० हजार बॅरल तेल पॅसिफिक किनाऱ्यावर आणू शकते. तिथून ते आशियात येतं. मुंबईत मुख्यालय असलेल्या रिलायन्सनेही २०२४ मध्ये त्यातलं तेल घेतलं. कंपनी मागे हटली तिथे सरकार स्वतः तेल कंपनी झालं. प्रभावाचा याहून उघड प्रकार दुसरा नसेल.

म्हणजे ‘तेल कसंही निघेलच’ हे परराष्ट्र खात्याचं म्हणणं खरं होतं का? अर्धं. निघालं, पण दहा वर्षं उशिरा, कैक पटींनी महाग पडून आणि करदात्याच्या पैशावर. अल्बर्टात परदेशी तेल कंपन्यांनी २०१० च्या दशकात मोठी गुंतवणूक काढून घेतली, त्यात उतरलेल्या भावांइतकाच पाइपलाइनच्या अनिश्चिततेचाही वाटा होता. या उशिराचं नेमकं किती टन कार्बनमध्ये मोजमाप करायचं, यावर अर्थतज्ज्ञ भांडत राहतील. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. कीस्टोन एक्सएलच्या आधी पाइपलाइनचा परवाना ही अभियंते आणि वकील यांच्यातली बाब होती. तिच्यात हवामानाचा हिशेब मागता येतो, ही कल्पनाच नव्हती. तो न देता काढलेला परवाना न्यायालयात अडू शकतो, हे मॉरिस यांच्या निकालाने दाखवून दिलं.

डिसेंबर २०२२ मध्ये जुनी कीस्टोन पाइपलाइन कॅन्सस राज्यात, नेब्रास्काच्या हद्दीजवळ फुटली आणि जवळपास १३,००० बॅरल तेल मिल क्रीक या ओढ्यात आणि आसपासच्या शेतात गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी कीस्टोन एक्सएल पुन्हा बांधा अशी हाक दिली, तेव्हा आता त्या पाइपलाइन सांभाळणाऱ्या साउथ बो या कंपनीने आपण त्यापुढे गेलो आहोत असं सांगितलं.

शेतकऱ्यांची फळी मोडली नाही, तिचं काम बदललं. इथेनॉल कारखान्यांतला कार्बन वायू गोळा करून जमिनीत पुरण्यासाठी मध्य-पश्चिमेत नव्या पाइपलाइन आखल्या गेल्या, आणि पुन्हा तीच पत्रं शेतांवर येऊ लागली. या वेळी साउथ डकोटातल्या शेतकऱ्यांनी वेळ काढण्यापुरतं समाधान मानलं नाही. त्यांनी आपले आमदारच बदलले, आणि मार्च २०२५ मध्ये कार्बन वायूच्या पाइपलाइनसाठी सक्तीने जमीन घेण्यावर राज्यात कायद्याने बंदी आली. तेलाच्या पाइपलाइनसाठीचा तो अधिकार मात्र तिथे अजून शाबूत आहे.